पॉलिअ‍ॅनिलीनच्या पेलेटची वाहकता पुन्हा पुन्हा कमी येते: दोष कुठे शोधावा

मुंबईतल्या महाविद्यालयांत एम.एस्सी.च्या प्रकल्पांची कामे ऐन पावसाळ्यात सुरू होतात, आणि वाहक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या, पॉलिमरवरचा विषय घेतलेले बरेच विद्यार्थी थोड्याच दिवसांत एकच तक्रार घेऊन येतात. पॉलिअ‍ॅनिलीन हे असे पॉलिमर तयार झाले आहे, पूड हिरवी आहे, उत्पन्नही चांगले आहे, पण पेलेटची, म्हणजे पूड दाबून केलेल्या चकतीची, वाहकता अपेक्षित आकड्याच्या जवळपासही जात नाही. कुणाला ०.०१ सीमेन्स प्रति सेंटीमीटर मिळते, कुणाला त्याच्याही शंभरपट कमी, आणि तीच कृती त्याच बाटल्यांतली रसायने घेऊन पुन्हा केली की तिसराच आकडा समोर येतो. मग अ‍ॅनिलीनची नवी बाटली आणायला प्रिन्सेस स्ट्रीट गाठली जाते, बर्फाचे पात्र मोठे केले जाते, विक्रियेचा वेळ दुप्पट केला जातो, आणि आकडा काही हलत नाही.

माझ्या मते हा शोध उलट्या टोकाकडून सुरू होतो. बहुतेक वेळा बीकरमधली विक्रिया व्यवस्थित झालेली असते. वाहकता जाते ती गाळताना, धुताना आणि वाळवताना, आणि उरलेला फरक मोजमापाच्या सूत्रातून येतो. म्हणून तपासणी शेवटच्या पायरीपासून मागे मागे करावी आणि नवे संश्लेषण अगदी शेवटी हाती घ्यावे.

त्याआधी अपेक्षा नेमकी किती ठेवायची हे ठरले पाहिजे. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ सालच्या तांत्रिक अहवालात पॉलिअ‍ॅनिलीनची एक प्रमाण कृती दिलेली आहे. २.५९ ग्रॅम अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइड ५० मिली पाण्यात आणि ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट ५० मिली पाण्यात वेगवेगळे विरघळवायचे, खोलीच्या तापमानाला एकत्र करायचे, थोडे ढवळून दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवायचे आणि मग गाळायचे. ही कृती वेगवेगळ्या संस्थांतल्या वेगवेगळ्या लोकांनी करून पाहिली तेव्हा पेलेटची वाहकता सरासरी ४.४ आणि विचलन १.७ सीमेन्स प्रति सेंटीमीटर इतके आले. ज्यांची पेलेट २ ते ७ यांच्या दरम्यान आहे त्यांच्याकडे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. दोन पेलेटमधला दीडपट-दुपटीचा फरक हा या पदार्थाचा स्वभाव आहे. कॅम्फर सल्फॉनिक आम्ल आणि मेटा-क्रेसॉल वापरून ओतलेल्या पातळ पटलांची वाहकता शेकड्यांत असते, पण तो आकडा दाबलेल्या पुडीला लावणे म्हणजे वेगळ्याच पदार्थाशी तुलना करणे होय. खरी तक्रार ०.५ च्या खालच्या आकड्यांपासून सुरू होते असे धरून पुढचे लिहिले आहे.

आधी मोजमाप तपासावे

मल्टिमीटरच्या दोन टोकांनी पेलेटचा रोध मोजून त्यावरून वाहकता काढली असेल, तर त्या आकड्यावर पुढे विचारच करू नये. वर सांगितलेल्या दर्जाच्या १ मिमी जाडीच्या पेलेटचा स्वतःचा रोध ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, आणि टोकांचा संपर्करोध त्याच्या कित्येक पट असू शकतो. चार सुयांची पद्धत याचसाठी वापरतात: बाहेरच्या दोन सुयांतून विद्युतधारा जाते, आतल्या दोन सुया फक्त विभवांतर मोजतात, आणि मोजणाऱ्या सुयांतून धारा जवळजवळ वाहत नसल्याने त्यांच्या संपर्करोधाचा परिणाम उरत नाही.

पण चार सुया वापरूनही आकडा तिपटीहून अधिक चुकू शकतो, आणि ही चूक मला प्रकल्पांच्या अहवालांत वारंवार दिसते. अनेक संचांत सुयांमधले अंतर २ मिमी असते आणि सोबतच्या पुस्तिकेत रोधकतेचे मूळ सूत्र दिलेले असते: २ गुणिले पाय गुणिले सुयांमधले अंतर गुणिले विभवांतर भागिले धारा. हे सूत्र सुयांमधल्या अंतराच्या मानाने खूप जाड आणि खूप रुंद नमुन्यासाठी आहे. पेलेट मात्र १ मिमी जाड आणि १३ मिमी व्यासाची असते. पातळ नमुन्यासाठी रोधकता ही ४.५३ गुणिले जाडी गुणिले विभवांतर भागिले धारा अशी येते, आणि पेलेटचा व्यास सुयांमधल्या अंतराच्या फक्त साडेसहा पट असल्यामुळे ४.५३ च्या जागी ३.७६ घ्यावे लागते. या सगळ्यात सुया पेलेटच्या मध्यावर टेकलेल्या आहेत असे गृहीत धरलेले आहे. त्या कडेकडे सरकल्या की हा गुणकही बदलतो.

प्रत्यक्ष आकडे घेतले की फरक लक्षात येतो. ४.४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर वाहकतेच्या पेलेटमधून १० मिलिअँपिअर धारा सोडली तर आतल्या सुयांवर सुमारे ६ मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. तेच ६ मिलिव्होल्ट जाड नमुन्याच्या सूत्रात घातले की वाहकता १.३ निघते. म्हणजे पेलेट उत्तम असूनही विद्यार्थी पुढचा महिनाभर अ‍ॅनिलीनचे ऊर्ध्वपातन करत बसतो.

सूत्र बरोबर असेल तर धारा १, २, ५ आणि १० मिलिअँपिअर अशी वाढवत न्यावी आणि विभवांतर त्याच प्रमाणात वाढते का ते पाहावे. वरच्या टोकाला रेषा वाकली तर पेलेट तापते आहे, खालच्या टोकाला आकडे नाचले तर सुया नीट टेकलेल्या नाहीत. धारेची दिशा उलटवून दोन्ही वाचनांची सरासरी घ्यावी, कारण काही मिलिव्होल्टच्या पातळीवर तापमानातल्या फरकाने निर्माण होणारे विभवांतरही हिशेबात डोकावते. संचासोबत मिळणारा जर्मेनियमचा तुकडा बहुतेक ठिकाणी डब्यात पडून असतो. त्याचे वाचन वर्षभर एका वहीत नोंदवून ठेवले तर आजचा दोष यंत्राचा आहे की पेलेटचा, हे दोन मिनिटांत कळते.

पेलेट बनवताना सुमारे ०.२ ग्रॅम पूड अ‍ॅगेटच्या खलात बारीक करून १३ मिमीच्या साच्यात घेतली की जाडी १ मिमीच्या थोडी वर येते. दाब ७ टनांच्या आसपास ठेवावा आणि प्रत्येक वेळी तेवढाच ठेवावा. जाडी मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजावी, कारण सूत्रात ती सरळ गुणाकारात येते. काम झाल्यावर साचा लगेच अ‍ॅसिटोनने पुसावा. आम्लयुक्त पूड आणि मुंबईची हवा यांच्यामध्ये पोलादी साचा एका रात्रीत तांबेरतो, आणि पुढच्या पेलेटमध्ये त्या गंजाचे कण जातात.

निवाडा करणारी एक चाचणी

मोजमाप विश्वासार्ह ठरल्यावरही आकडा कमीच असेल, तर पुढची चाचणी स्वस्त आहे आणि निर्णायक आहे. संशयित पुडीतली अर्धा ग्रॅम पूड ५० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात घालावी, रात्रभर ढवळत ठेवावी, सकाळी गाळावी, थोड्या ०.२ मोलर आम्लाने आणि मग अ‍ॅसिटोनने धुवावी, वाळवावी आणि पेलेट करावी. त्याच दिवशी मूळ पुडीचीही एक ताजी पेलेट करून दोन्ही एकाच बैठकीत मोजाव्यात.

यामागचे कारण असे. पॉलिअ‍ॅनिलीनची वाहकता फक्त साखळीच्या रचनेवर अवलंबून नसते. एमराल्डीन या अर्धवट ऑक्सिडित अवस्थेतल्या साखळीतले साधारण निम्मे नायट्रोजन आम्लाकडून प्रोटॉन घेतात, तेव्हाच ती हिरव्या रंगाची वाहक एमराल्डीन क्षार होते. प्रोटॉन काढून घेतले की तीच साखळी निळी एमराल्डीन बेस, म्हणजे आम्ल नसलेले रूप, होते आणि तिची वाहकता अब्जांश सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या घरात किंवा त्याहूनही खाली जाते. हा बदल उलटवता येतो. म्हणून आम्लात ठेवल्यावर वाहकता परत आली, तर साखळी चांगली आहे आणि प्रोटॉन वाटेत कुठेतरी गेले आहेत. दोष धुण्यात, वाळवण्यात किंवा साठवण्यात शोधावा. वाहकता परत आलीच नाही, तर साखळीच बिघडलेली आहे आणि तेव्हा मात्र रसायनांकडे आणि विक्रियेकडे वळावे. वाहकता अर्धवट परत येणे हेही दिसते, आणि त्या वेळी दोन्हीकडे पाहावे लागते.

"सर, पूड तर हिरवीच आहे, मग प्रोटॉन गेले कसे म्हणता येतील?" हा प्रश्न हमखास येतो. पुडीचा रंग डोळ्यांनी पाहून वाहकतेचा अंदाज बांधता येत नाही, कारण वाळलेला क्षार इतका गडद असतो की त्यात चौथा हिस्सा बेस मिसळलेला असला तरी फरक दिसत नाही. तीच पूड पांढऱ्या गाळकागदावर बोटाने अगदी पातळ घासली तर रंग बोलू लागतो: शुद्ध क्षाराचा ओरखडा पोपटीकडे झुकतो, प्रोटॉन गमावलेल्या पुडीचा निळसर दिसतो. घासताना हातमोजा असावा हे वेगळे सांगायला नको.

धुण्यात काय बिघडते

बहुतांश प्रकरणे इथेच मिटतात, म्हणून इथे थोडे थांबतो. अकार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगांत अवक्षेप धुण्याची जी सवय लागलेली असते, तीच विद्यार्थी इथे वापरतात: गाळून येणारे पाणी लिटमसला उदासीन होईपर्यंत धुवायचे. पॉलिअ‍ॅनिलीनच्या बाबतीत ही सवय घातक आहे. गाळीत उदासीन होईपर्यंत धुणे म्हणजे साखळीवरचे आम्ल पाण्यात काढून टाकणे होय. एमराल्डीन क्षार साधारण ३ पीएचच्या वर प्रोटॉन सोडू लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो, आणि तानसा-भातसाहून येणारे नळाचे पाणी तर उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. अर्धा लिटर नळाचे पाणी बुकनर फनेलमधून ओढले की बीकरमध्ये कमावलेली वाहकता सिंकमध्ये जाते.

हे घडताना डोळ्यांनी पाहता येते. गाळकागदावर साचलेल्या हिरव्या थराकडे वरून पाहावे. धुण्याच्या बाटलीची धार जिथे पुन्हा पुन्हा पडते तो मधला भाग आणि थर फनेलच्या भिंतीपासून सुटून जिथे भेग पडते ती कड, या दोन ठिकाणी हिरव्यावर निळ्याची झाक येते, कारण पाणी भेगेतून सरळ खाली जाताना कडेचा थर सर्वांत जास्त धुऊन काढते आणि बाकीचा थर तसाच राहतो. अशा थरातून वरून उचललेली पूड आणि तळातून उचललेली पूड यांच्या पेलेट वेगळ्या निघतात, आणि विद्यार्थी त्याला पुनरावृत्ती जमत नाही असे म्हणतात. भेग दिसताच चमच्याच्या पाठीने थर दाबून ती बुजवावी.

धुण्यासाठी पाणी न वापरता ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे. संहत आम्लाचे सुमारे १८ मिली एक लिटरपर्यंत विरल केले की ते तयार होते. १०० मिली असे तीन वेळा, आणि त्यानंतर अ‍ॅसिटोनने तितक्याच वेळा. मग धुणे पुरे झाले हे ओळखायचे कसे? गाळिताच्या थोड्या भागात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकावेत. परसल्फेटपासून तयार झालेले सल्फेट अजून येत असेल तर पांढरा गढूळपणा दिसतो, आणि ही परीक्षा आम्लातही चालते. सल्फेटचा किंचितसा माग शेवटपर्यंत राहिला तरी चिंता करू नये, कारण हायड्रोजन सल्फेट आयनही साखळीवरच्या प्रोटॉनचा जोडीदार म्हणून काम करतो. उलट, धुणे फारच कमी झाले तर पुडीत अमोनियम सल्फेट राहते. क्ष-किरण विवर्तनात पॉलिअ‍ॅनिलीनच्या २० आणि २५ अंशांजवळच्या रुंद उंचवट्यांवर टोकदार शिखरे दिसली, तर ती बहुधा याच क्षाराची असतात आणि स्फटिकता वाढली असा त्यांचा अर्थ लावू नये.

अ‍ॅसिटोनच्या पहिल्या धुण्याचा रंग जरूर नोंदवावा. तो फिकट असतो तेव्हा सर्व ठीक असते. गडद तपकिरी अ‍ॅसिटोन येत राहिले तर साखळ्या आखूड राहिल्या आहेत, आणि त्याचा विचार पुढे विक्रियेच्या भागात केला आहे.

वाळवणे आणि साठवणे

हायड्रोक्लोरिक आम्ल बाष्पनशील आहे. १०० अंशांच्या वर ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेल्या पुडीतून पाण्याबरोबर तेही जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे काही क्लोरीन बेंझीनच्या कड्यांना कायमचे जोडले जाते. आम्लात पुन्हा ठेवूनही ही हानी पूर्ण भरून निघत नाही. ६० अंश आणि निर्वात ओव्हन ही सुरक्षित मर्यादा आहे. निर्वात ओव्हन नसेल तर आधी हवेवर आणि मग सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये पंप लावून वाळवावे. पावसाळ्यात ओव्हनबाहेर काहीच वाळत नाही म्हणून तापमान वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी वेळ वाढवावा.

महिनोन्‌महिने ठेवलेल्या पुडीतूनही आम्ल हळूहळू सुटते. पेलेटला लावलेल्या तांब्याच्या तारांवर हिरवट डाग आले तर ते सुटलेले आम्लच आहे असे समजावे. नमुना सहा महिने वापरायचा असेल तर मुळातच पॅरा-टोल्युईन सल्फॉनिक आम्ल किंवा डोडेसिल बेंझीन सल्फॉनिक आम्ल यांसारखे न उडणारे आम्ल निवडणे शहाणपणाचे ठरते, मग सुरुवातीचा आकडा थोडा वेगळा आला तरी चालेल.

आम्लाने फरक पडला नाही तर

आता विक्रियेकडे वळू. सर्वांत आधी वहीतली वजने पाहावीत. प्रमाण कृतीतले २.५९ ग्रॅम हे अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइडचे आहेत, म्हणजे ०.०२ मोल. तो क्षार हाताशी नसला की कुणीतरी तेवढ्याच वजनाचे द्रव अ‍ॅनिलीन घेऊन साध्या पाण्यात घालतो. त्यात दोन गोष्टी एकदम बिघडतात: अ‍ॅनिलीन ०.०२८ मोलच्या आसपास जाते म्हणून परसल्फेट अपुरे पडते, आणि आम्ल तर अजिबात नसते. पीएच साधारण २.५ च्या वर असताना अ‍ॅनिलीनच्या रेणूंची जोडणी सरळ साखळीत होत नाही, तपकिरी आखूड पदार्थ तयार होतात, आणि अ‍ॅसिटोनमध्ये उतरणारा तपकिरी रंग तोच असतो. द्रव अ‍ॅनिलीन घ्यायचे तर १.८६ ग्रॅम घेऊन १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावे. बाटलीतले अ‍ॅनिलीन लालसर तपकिरी झालेले असेल तर थोडी जस्ताची पूड घालून कमी दाबाखाली त्याचे ऊर्ध्वपातन करावे, आणि हे काम धूर-कपाटातच, कारण अ‍ॅनिलीन त्वचेतूनही शरीरात जाते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करते.

दुसरा संशयित अमोनियम परसल्फेट आहे, आणि दमट हवेत तो पहिला असायला हवा. कोरड्या जागी घट्ट बंद असेपर्यंत हा पदार्थ टिकतो, ओल लागली की विघटित होऊन त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद घटते. बाटलीत गाठी झालेल्या दिसल्या की वजनावर विसंबू नये, आयोडिनमितीय टायट्रेशन करावे. ०.२५ ग्रॅम परसल्फेट पाण्यात विरघळवावे, दोन-तीन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि थोडे विरल आम्ल घालावे, झाकण लावून अर्धा तास अंधारात ठेवावे आणि मुक्त झालेले आयोडीन ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने मोजावे. शुद्ध परसल्फेटला सुमारे २१.९ मिली लागतात. ही विक्रिया मंद आहे. घाईने पाच मिनिटांत टायट्रेशन उरकले तर चांगली बाटलीही खराब ठरते. सोबत परसल्फेटविना एक कोरे टायट्रेशन करावे, कारण आम्लात हवासुद्धा आयोडाइडचे आयोडीन करते. शुद्धता ९० टक्के निघाली तर ५.७१ च्या जागी ६.३४ ग्रॅम घेऊन काम भागते, पण त्याहून खाली गेलेली बाटली सरळ बदलावी.

परसल्फेट जास्त झाले तरी साखळी बिघडते. चार मोल अ‍ॅनिलीनला पाच मोल परसल्फेट, म्हणजे १.२५ हे गुणोत्तर, एमराल्डीनपर्यंत नेण्यासाठी पुरते. दीड-दोनच्या पुढे साखळी अतिऑक्सिडित होते, तिचे जलविघटन होऊन क्विनोनसारखे पदार्थ सुटतात आणि गाळीत जांभळट दिसते.

विक्रिया कशी चालली हे जाणून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बीकरमध्ये तापमापी ठेवून दर मिनिटाला आकडा लिहिणे. काही मिनिटे काहीच घडत नाही, मग द्रावण निळे होते, तापमान झपाट्याने वीसेक अंशांनी चढते, आणि कळस गाठून उतरताना निळ्याचे हिरवे होते. निळा टप्पा हा पर्निग्रॅनिलीन या जास्त ऑक्सिडित अवस्थेचा असतो. शिल्लक अ‍ॅनिलीन तिला परत एमराल्डीनवर आणते. बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये हा सगळा प्रवास लांबतो, आणि दोन तासांनी उत्साहाने गाळायला घेतले तर निळ्यावरच गाळले जाते. कळस उशिरा आणि बुटका आला तर परसल्फेटच्या बाटलीकडे पुन्हा पाहावे. कृती दहापट मोठी केली तर उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही, तापमान कित्येक अंशांनी जास्त चढते आणि द्रावण उसळूही शकते. मोठा घाणा थंड पात्रात, परसल्फेट थेंबाथेंबाने घालूनच करावा.

वर्णपटांचे वाचन

यूव्ही वर्णपटाच्या बाबतीत एक सापळा सांगितलाच पाहिजे. पूड एन-मिथाइल पायरोलिडोनमध्ये विरघळवून ६३० नॅनोमीटरला रुंद शिखर मिळाले की "माझी पूड डीडोप झालेली आहे", म्हणजे तिने प्रोटॉन गमावले आहेत, असा निष्कर्ष लिहिला जातो. हा द्रावक स्वतःच हायड्रोक्लोरिक आम्ल साखळीवरून काढून घेतो, म्हणून उत्तम क्षारही त्यात निळा होतो. त्या वर्णपटाचा उपयोग साखळीची ऑक्सिडीकरण अवस्था पाहण्यापुरताच: ३३० आणि ६३० ही जोडी एमराल्डीन बेसची, दुसरे शिखर ५३० कडे सरकलेले असेल तर पर्निग्रॅनिलीनचा भाग मोठा आहे, आणि ते जवळजवळ नसेलच तर साखळी क्षपित आहे. प्रोटॉनांविषयी त्यातून काहीही कळत नाही.

क्षाराचा खरा वर्णपट हवा असेल तर विक्रिया सुरू करतानाच बीकरमध्ये सूक्ष्मदर्शकाची एक स्वच्छ काच उभी सोडावी. तिच्यावर आपोआप हिरवे, पारदर्शक पटल बसते. ते ०.२ मोलर आम्लाने धुऊन सरळ यंत्रात धरले की ४२० च्या आसपासचा खांदा आणि ८०० च्या पुढे चढत जाणारे शोषण दिसते. हीच काच अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरली की क्षणात निळी होते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेवर पुन्हा हिरवी. धुण्याच्या पाण्याबद्दल शंका असलेल्याला हीच काच नळाखाली धरायला सांगावी.

एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त वर्णपटात, १५७० आणि १४८० प्रति सेंटीमीटरजवळची क्विनॉइड-बेंझेनॉइड शिखरे सगळेच पाहतात. बेस झाल्यावर ती १५९० आणि १५०० कडे सरकतात. त्याहून जास्त माहिती २००० च्या वरच्या भागात असते. चांगल्या क्षारात तिथे शोषणाची आधाररेषा तिरकी चढत जाते, कारण मुक्त वाहक तिथे प्रकाश शोषतात, आणि प्रोटॉन गेले की ती सपाट होते. ही तिरकी रेषा दोष समजून संगणकावर दुरुस्त करून टाकण्याची पद्धत आहे. ती करू नये.

पावसाळा आणि आकड्यांची तुलना

सगळे नीट करूनही जुलैतली आणि जानेवारीतली वाचने जुळत नाहीत, कारण पॉलिअ‍ॅनिलीनमधले शोषलेले पाणी वाहकतेला हातभार लावते. तीच पेलेट निर्वातात पूर्ण कोरडी केली की वाहकता कित्येक पट घटते आणि दमट हवेत ठेवली की परत चढते. म्हणून टेबलावर उघडी पडलेली पेलेट मोजण्याऐवजी ती आधी ठरलेल्या आर्द्रतेत दोन दिवस ठेवावी. बंद डेसिकेटरच्या तळाशी मॅग्नेशियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण, तळाला थोडा न विरघळलेला क्षार दिसेल इतके, ठेवले की आतली सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास राहते. मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले तर ती ७५ च्या आसपास असते. पहिली निवड मी करतो, कारण ७५ टक्क्यांत पेलेटच्या कडा भुसभुशीत होऊ लागतात. खोलीचे तापमान आणि कोणते द्रावण वापरले हे वाचनाशेजारी लिहिले तर दोन ऋतूंतले आकडे शेजारी ठेवता येतात.

नमुना दुसऱ्या संस्थेत तपासायला पाठवायचा असेल, मग तो कलिनाहून पवईला का असेना, तर पेलेट न पाठवता पूड लहान काचेच्या बाटलीत, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळून पाठवावी. अर्जावर "हायड्रोक्लोराइड क्षार, ६० अंशांच्या वर वाळवू नये" असे स्पष्ट लिहावे, कारण मोजमापाआधी नमुना ११० अंशांवर वाळवणे हा अनेक ठिकाणचा रिवाज असतो. उष्माभार विश्लेषणासाठी, म्हणजे तापवत नेताना घटणारे वजन मोजण्यासाठी, तर हे विशेष महत्त्वाचे आहे: त्यात आधी पाणी जाते, मग आम्ल, आणि साखळी त्यानंतर बऱ्याच वरच्या तापमानाला तुटते, तेव्हा आधीच वाळवलेल्या पुडीच्या आलेखात आम्लाची पायरी बुटकी निघते आणि डोपिंग कमी झाल्याचा ठपका पुन्हा संश्लेषणावर येतो.